घट्ट कुठे आणि सैल कुठे?

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये कुठल्या कुठल्या विषयावर वाद होतात हे वाचकांना सांगायला नको. कोणाचं जर्नल कोण उतरवतंय, ग्राफ कोणाचा बघून काढायचा, ही कामं राहतात बाजूला आणि पहाटे दोन वाजता कोणीतरी धोनी श्रेष्ठ की सचिन, असं काढतो. आमच्या खोलीत या टर्मला वाद होता तो जरा वेगळा. रायफलच्या बोल्टला दोन लग असावेत की तीन?

कारण असं झालं. माझा रूमपार्टनर बालेवाडीच्या रेंजवर पन्नास मीटर प्रोन नेमबाजी करतो. क्लबची जुनी जर्मन सिंगल शॉट रायफल तो वापरतो. दिवाळीनंतर त्याचे स्कोअर घसरले. मधूनच एखादी गोळी दहा सोडून नऊला, कधी आठला जायची. पठ्ठ्यानं दोन आठवडे रात्र रात्र वाचन केलं (मशीन डिझाइनसाठी एवढं केलं असतं तर!) आणि निष्कर्ष काढला की आपल्या रायफलची ॲक्शन जुनाट आहे. आता नवी पाहिजे. घरी ओतूरकडे कांद्याची शेती. यंदाच्या कांद्याची पट्टी आली की वडिलांना गळ घालायची असा बेत ठरला. परदेशी मॅच रायफल म्हणजे काही लाखांचा मामला. मी म्हटलं, अरे थांब, आधी ती ॲक्शन म्हणजे नक्की काय काम करते ते तरी बघू. तिथून वाद पेटला, आणि वादात मी जे जे बोललो ते जरा धडपणे मांडावं म्हणून हा लेख.

ॲक्शन म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. नळीच्या मागे जो डबा असतो तो रिसिव्हर. त्यात पुढे-मागे सरकणारा दांडा म्हणजे बोल्ट. बोल्ट म्हणजे आपल्या दाराची कडीच. पुढे ढकलायची, फिरवायची, की तिचे कान, म्हणजे लग, खाचेत अडकतात आणि दार बंद. आत फायरिंग पिन, खाली ट्रिगर. काडतूस फुटतं तेव्हा पुंगळी मागे धडक मारते, ती धडक या कडीनं झेलायची. किती धडक? पन्नास मीटरच्या पॉइंट टू टू काडतुसात दाब जास्तीत जास्त १,७०० बारच्या आसपास असतो. मोठ्या सेंटरफायर काडतुसात तो याच्या दुपटीहून जास्त जातो. दाब गुणिले क्षेत्रफळ, एवढंच गणित. पुंगळीचा आतला व्यास नऊ-दहा मिलिमीटर धरला तर बोल्टवर अडीच-तीन टनांचा भार, तोही मिलिसेकंदाच्या काही भागात. म्हणजे भरलेल्या छोटा हत्तीहूनही जास्त वजन क्षणभर त्या दोन कानांवर उभं राहतं असं समजा.

आता या विषयातलं सगळ्यात टोकाचं ज्ञान कुठे मिळतं, तर बेंचरेस्ट या प्रकारात. आपल्याकडे हा खेळ कोणी खेळताना मी पाहिलेला नाही. अमेरिकेत तो फार चालतो. सिमेंटचं टेबल, पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या, त्यांवर रायफल ठेवायची. शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारायच्या. दहाचा गोल, नऊचा गोल ही भानगडच नाही. पाच छिद्रांत सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांचं मध्य ते मध्य अंतर मोजायचं. ज्याचं कमी तो जिंकला. १९७३ साली मॅक मॅकमिलन यांनी ०.००९ इंचाचा ग्रुप मारला आणि तो विक्रम चाळीस वर्षं टिकला. २०१३ साली माइक स्टिनेट यांनी ०.००७७ इंच केला. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर एक पंचमांश. एक्क्याण्णव मीटरवरून पाच गोळ्या, आणि दिसायला छिद्र एकच! यात ताकद, श्वास, हातापायाचा कंप यांचा हिशोब जवळजवळ शून्य असतो. उरते ती रायफल, गोळी आणि वारा. म्हणून मेकॅनिकलच्या पोरांनी बघण्यासारखा हाच प्रकार आहे. ही म्हणजे टॉलरन्सची जाहीर ओरल परीक्षा.

तुम्ही म्हणाल, याचा सांगवीशी काय संबंध? संबंध आहे. राजीव गांधी पूल ओलांडून औंधातून पुढे गेलं की बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं, २००८ चे राष्ट्रकुल युवा खेळ तिथे झाले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ मारून जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी केली आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं. पन्नास मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. या खेळातही रायफल आणि काडतुसं यांची जोडी जुळते का हे तपासायला नळी चक्क शिकंज्यात पकडून ग्रुप काढतात. जर्मनीत शोनेबेक इथे लापुआ कंपनीचं खास त्यासाठीचं केंद्रच आहे. आपले नेमबाज तिकडे जाऊन काडतुसांचा लॉट निवडतात, तेव्हा ते एका अर्थी बेंचरेस्टच करत असतात.

असो. आता ॲक्शनच्या डिझाइनकडे.

सगळ्याची आजी म्हणजे १८९८ ची जर्मन माऊजर. तिचा रिसिव्हर खालून सपाट, धक्का झेलणारा रिकॉइल लग त्याच धातूतून काढलेला. सैन्यासाठी उत्तम, पण फोर्जिंग आणि त्यावर मिलिंगचे ढीगभर ऑपरेशन. दुसऱ्या महायुद्धानंतर रेमिंग्टन कंपनीत माइक वॉकर नावाच्या इंजिनिअरच्या काळात वेगळा विचार झाला. १९४८ ला ७२१ आणि ७२२ ही मॉडेलं आली, १९६२ ला ७००. यात रिसिव्हर गोल नळीसारखा, सरळ लेथवर होणारा. रिकॉइल लग म्हणजे नळी आणि रिसिव्हर यांच्यामध्ये दाबून बसवलेला जाड वॉशर! कोणाही जुन्या गनस्मिथनं बघितलं असतं तर नाक मुरडलं असतं. खर्च वाचवायला केलेली युक्ती ती. पण गोल वस्तू लेथवर एकाच सेटिंगमध्ये होते, त्यामुळे तिचे व्यास एकमेकांशी समकेंद्री येण्याची शक्यता वाढते, आणि त्याच वजनात ती पिळाला चांगला विरोध करते. वॉकर स्वतः बेंचरेस्ट खेळायचे. त्यामुळे स्वस्त डिझाइन हेच अचूक डिझाइनचं मूळ ठरलं, आणि आजच्या बऱ्याच कस्टम ॲक्शन या गोल घराण्यातल्या आहेत. कॉस्ट रिडक्शन म्हणजे क्वालिटी गेली, असं आपण इंडस्ट्रियल व्हिजिटहून परत येताना बसमध्ये ठासून बोलतो ना, त्यांच्यासाठी हे उदाहरण.

पुढे खेळाडूंनी काय केलं, तर त्या गोल रिसिव्हरवर ॲल्युमिनियमची जाड स्लीव्ह चिकटवायला सुरुवात केली, वाकू नये म्हणून. मग कोणीतरी विचारलं असणार, स्लीव्ह चिकटवण्यापेक्षा मुळातच तशी का बनवू नये? राल्फ स्टॉल यांच्या नावाच्या पांडा ॲक्शनमध्ये बॉडीच ॲल्युमिनियमची आहे. लग जिथे टेकतात आणि नळीचे आटे जिथे बसतात तिथे फक्त स्टीलचा तुकडा. हे डिझाइन मला सगळ्यात आवडतं. कारण स्पर्धेत वजनाची मर्यादा असते. लाइट व्हार्मिंट गटात रायफल दुर्बिणीसकट साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास. आता हे बजेट आहे असं समजा. ॲक्शनमध्ये वाचवलेला प्रत्येक ग्रॅम तुम्ही नळीला देऊ शकता, आणि जाड नळी कमी थरथरते. भार जिथे येतो तिथे स्टील, बाकी ठिकाणी हलकं. याउलट बॅटसारख्या कंपन्या अख्खी ॲक्शन स्टीलची करतात, आणि त्याही जिंकतात. दोन्ही जिंकतात यातच उत्तर आहे, पण ते पुढे.

काही गोष्टी तर काढून टाकून सुधारल्या आहेत. मॅगझिन नको, एकेक काडतूस हातानं भरायचं, म्हणजे रिसिव्हरच्या पोटाला खिडकी पाडावी लागत नाही. पोट बंद राहिलं की डबा ताठ. पुंगळी बाहेर उडवणारा स्प्रिंगचा इजेक्टर तिला सतत एका बाजूला ढकलतो. बऱ्याच जणांनी तोही काढला. पुंगळी बोटांनी उचलायची.

आता मुख्य मुद्दा. माझ्या रूमपार्टनरचा (आणि खरं सांगायचं तर आधी माझाही) समज असा होता की कस्टम ॲक्शन भारी का, तर ती घट्ट असते. बोल्ट रिसिव्हरमध्ये अगदी फिट. कारखान्याच्या रायफलचा बोल्ट मागे ओढला की खुळखुळतो, म्हणजे ती खराब. बरोबर वाटतं ना?

इथे मला भोसरीच्या एका काकांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मागच्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी एक शाफ्ट करून घ्यायचा होता. मी ऑटोकॅडवर मस्त ड्रॉइंग काढलं आणि प्रत्येक डायमेन्शनला प्लस-मायनस पॉइंट झिरो वन ठोकून दिलं. आपलं काम कसं, एकदम प्रिसिजन! काकांनी ड्रॉइंग हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "बाळा, बेअरिंग कुठं बसतंय?" मी दोन जागा दाखवल्या. "मग तेवढं सांग की. मधलं सगळं हवेत आहे. हवेला कशाला पॉइंट झिरो वन?" मी म्हटलं, "काका, तरी पण अचूक असलेलं चांगलं ना?" तर म्हणाले, "चांगलं की. चौपट पैसे दे, मंगळवारी ने." दोन जागा सोडून बाकी सगळ्या टॉलरन्स मी तिथेच, त्यांच्या टेबलावर, पेननं खोडल्या.

बेंचरेस्टवाल्यांनी हेच शोधून काढलं, फक्त जास्त हुशारीनं. बघा कसं. रेमिंग्टन पद्धतीच्या ॲक्शनमध्ये बोल्ट बंद करून रायफल कॉक केली की ट्रिगरचा सिअर फायरिंग पिनच्या मागच्या तुकड्याला तिरक्या पृष्ठभागावर अडवून धरतो. त्या तिरकेपणामुळे बोल्टच्या शेपटीला वरच्या दिशेनं ढकल बसते. बोल्ट सैल असेल तर शेपूट वर उचलली जाते, आणि पुढच्या टोकाला वरचा लग आपल्या बैठकीवरून किंचित सुटतो. म्हणजे दोन कानांपैकी एकच कान टेकलेला. ट्रिगर दाबला की ही ढकल जाते, फायरिंग पिन पुढे धावते, काडतूस फुटतं आणि बोल्ट आपटून दुसऱ्या कानावर बसतो. हा आपटा दर वेळी तंतोतंत सारखा असेल याची खात्री कोण देणार?

उपाय काय? सोपा उपाय म्हणजे बोल्ट पूर्ण लांबीभर घट्ट करा. काहींनी केला. पण मग तो सरकताना अडतो. धुळीचा एक कण, जळक्या पावडरची एक कणी, स्टेनलेसवर स्टेनलेस घासलं की गॉलिंग, आणि कडी अडकली. जिम बॉर्डन यांच्या ॲक्शनमध्ये यावर जो तोडगा आहे तो बघून मला वर्कशॉपमध्ये टाळी वाजवावीशी वाटली. बोल्टच्या अंगावर पुढे आणि मागे, दोनच ठिकाणी, किंचित उंच फुगवटे. ते फुगवटे अशा जागी ठेवलेत की बोल्ट सरकत असताना ते मोकळ्या जागेतून जातात, आणि बोल्ट फिरवून बंद केला की रिसिव्हरच्या भिंतीला येऊन बसतात. या फुगवट्यांना त्यांच्याच नावानं ओळखतात. म्हणजे चालताना सैल, बंद झाल्यावर घट्ट. शेपूट उचलली जायला जागाच नाही. भोसरीच्या काकांनी हे बघितलं तर म्हणतील, बेअरिंग बसतंय तेवढं धरलंय पोरानं.

माझं मत या एका गोष्टीवर उभं आहे. खुळखुळणारा बोल्ट खराब नसतो. बंद झाल्यावर खुळखुळणारा बोल्ट खराब. ॲक्शन विकत घेताना किंवा तिच्यावर बोलताना "किती घट्ट आहे" हा प्रश्नच चुकीचा आहे, "कुठे आणि कधी घट्ट आहे" हा विचारा.

दोन लग की तीन, हे आता पटकन उरकतो, कारण त्यात मला वाटलं होतं तेवढा दम नाही. तीन लगांचा युक्तिवाद म्हणजे तीन पायांचं स्टूल, कुठेही ठेवा, तिन्ही पाय टेकतात. दोन लग नीट लॅप केले नाहीत तर एकच भार घेतो. खरं आहे. तीन लग असले की बोल्टचा दांडा नव्वदऐवजी साठ अंशच उचलावा लागतो, हेही खरं. पण फायरिंग पिनची स्प्रिंग दाबण्याचं काम तेवढंच राहतं, ते कमी कोनात करायचं म्हणजे हाताला जड लागतं. जड उचलताना पिशवीवरची रायफल हलते. लांब पल्ल्याच्या स्पर्धेत न्यूझीलंडच्या बार्नार्डची तीन लगांची ॲक्शन नावाजलेली आहे. शंभर-दोनशे यार्डांच्या बेंचरेस्टमध्ये बहुतेक जण दोन लगांवरच आहेत. दोन्हीकडे चांगलं काम होतं. पहाटे तीनपर्यंत जागण्यासारखं यात काही नाही.

लॉक टाइमचंही तसंच. ट्रिगर सुटल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंतचा वेळ. रेमिंग्टन ७०० मध्ये तो तीन मिलिसेकंदांच्या आसपास, जुन्या माऊजरमध्ये बराच जास्त. उभं राहून मारणाऱ्याला याचं महत्त्व फार, कारण त्या तीन मिलिसेकंदांत नळीचं टोक डुलत असतं. वाळूच्या पिशवीवर झोपलेल्या रायफलला त्याचं एवढं काय? म्हणजे एकच गुण एका खेळात सोनं आणि दुसऱ्या खेळात कमी मोलाचा. जाहिरातीत मात्र दोन्हीकडे सारख्याच मोठ्या अक्षरात छापतात.

याच्यापेक्षा मला ज्यानं चकित केलं ते म्हणजे खिडकीची जागा. बेंचरेस्टच्या बऱ्याच ॲक्शनमध्ये बोल्टचा दांडा उजवीकडे आणि काडतूस भरायची खिडकी डावीकडे असते. का? उजव्या हातानं बोल्ट चालवायचा, डाव्या हातानं काडतूस टाकायचं, डोकं दुर्बिणीवरून उचलायचंच नाही. पाच गोळ्यांना सात मिनिटं असतात. पण शहाणा खेळाडू वाऱ्याच्या झेंड्यांकडे बघत बसतो, आणि मनासारखा वारा लागला की अर्ध्या मिनिटात पाचही गोळ्या सोडून मोकळा होतो, वारा बदलायच्या आत. इथे ॲक्शन अचूकता वाढवते ती वेगानं! मायक्रॉन मोजून काही मिळत नाही ते सुळकन सरकणाऱ्या बोल्टनं मिळतं. आणि सुळकन सरकायला सैल असावं लागतं. म्हणजे फिरून आपण तिथेच आलो.

मग अचूकता असते कुठे? हॅरल्ड वॉन नावाचे एक शास्त्रज्ञ अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत एअरोबॅलिस्टिक्सचं काम करायचे. त्यांनी निवृत्तीनंतर घरच्या रायफलवर स्ट्रेन गेज आणि ॲक्सेलरोमीटर लावून एकेक कारण वेगळं काढलं आणि १९९८ ला पुस्तक छापलं. त्यांना सापडलेला एक मोठा चोर म्हणजे नळी आणि रिसिव्हर यांच्यातला आट्यांचा जोड. धक्क्यानं तो जोड किंचित सरकतो आणि परत जसाच्या तसा बसेल याचा भरवसा नाही. लग नाही, बोल्ट नाही, जोड! दुसरं उदाहरण ह्यूस्टनच्या एका प्रचंड गोदामाचं. १९८० च्या दशकात काही हौशी लोक रात्री दारं बंद करून तिथे नेम मारायचे. वारा नाही, ऊन नाही, मृगजळ नाही. तिथे चांगल्या रायफलींचे ग्रुप ०.०३० इंचाच्या आत पुन्हा पुन्हा येत. बाहेर मैदानात तीच माणसं, तशाच रायफली, आणि ग्रुप कितीतरी मोठे. फरक वाऱ्याचा. ॲक्शनवर रात्र रात्र वाद घालणाऱ्यांनी हे गोदाम लक्षात ठेवावं.

यावर माझ्या पार्टनरचा सवाल बिनतोड होता. "मग जिंकणारे सगळे दीड-दोन हजार डॉलरची कस्टम ॲक्शन का घेतात? मूर्ख आहेत का?" नाहीत. कारखान्याच्या रायफलमध्ये बोल्टचा अक्ष, आट्यांचा अक्ष आणि लगांच्या बैठकीचं प्रतल हे एकमेकांशी जुळलेले असतीलच असं नाही. एखादीत जुळतात, एखादीत नाही. गनस्मिथ ती लेथवर लावून सरळ करतो. कस्टम ॲक्शनमध्ये हे सरळपण आधीच विकत मिळतं. एवढ्यासाठी पैसे देणं मला मान्य आहे. पण एकदा अक्ष जुळले, दोन्ही लग टेकले, जोड पक्का झाला की पुढे पांडा घ्या, बॅट घ्या, बॉर्डन घ्या, टार्गेटवर ती ओळखू येत नाही. ॲल्युमिनियमवाले आणि स्टीलवाले दोघेही जिंकतात, ते म्हणूनच. ॲक्शन अचूकता निर्माण करत नाही. नळी आणि गोळीनं केलेली अचूकता ती बिघडू देत नाही, एवढंच तिचं काम. चांगल्या मेसवाल्या मावशींसारखं. जेवण वेळेवर आलं की कोणी त्यांचं नाव काढत नाही.

(आणि हो, हे वाचून कोणाच्या डोक्यात वर्कशॉपमध्ये एखादी ॲक्शन टर्न करून बघण्याचा किडा वळवळला असेल तर तो आत्ताच मारा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीचा सुटा भागसुद्धा विनापरवाना बनवणं गुन्हा आहे. प्रोजेक्टसाठी गिअरबॉक्स आहेत, पंप आहेत, देवानं भरपूर दिलंय.)

शेवटी काय झालं ते सांगतो. मी हट्ट धरला की कांद्याच्या पट्टीला हात लावायच्या आधी ही रायफल एकदा बेंचवर ठेवून बघायची. क्लबच्या सरांनी परवानगी दिली, स्वतः समोर थांबले. एका रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, वाळूच्या दोन पिशव्यांवर ती म्हातारी झोपवली. पहिल्या पाच गोळ्यांत एक खरंच बाहेर गेली. पार्टनरनं माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं. मग सरांनी काही न बोलता स्टॉकखालचे स्क्रू तपासले. पुढचा स्क्रू हातानं फिरत होता. दिवाळीच्या सुट्टीआधी साफसफाईसाठी यानंच रायफल उघडली होती आणि ॲलन कीनं अंदाजे आवळून टाकली होती. बेंचरेस्टवाले याच भीतीनं ॲक्शन स्टॉकमध्ये इपॉक्सीनं चिकटवून टाकतात, स्क्रूच्या भरवशावर राहतच नाहीत. मी वर्कशॉपमधून टॉर्क रेंच आणली होती. कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला दोन्ही स्क्रू लावले आणि पुन्हा पाच मारल्या. पाचही दहाच्या गोलाला धरून, एकात एक. मग कपाटातल्या दुसऱ्या पेटीची काडतुसं घातली, तर ग्रुप लगेच फुटला. पहिली पेटी परत घातली, परत गोळा झाला. साठच्या वर काडतुसं गेली त्या सकाळी, त्याचे पैसे आम्ही अर्धे-अर्धे दिले.

म्हणजे स्क्रू आणि पेटी मिळून बरीचशी तक्रार मिटली. सगळी नाही. त्यानंतर प्रोन मारताना तो अजूनही मधेच नऊ देतो, आणि ती नऊ रायफलची नाही हे आता दोघांनाही माहीत आहे. दोन दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता. वडिलांना फोन केला तो काडतुसांच्या एका चांगल्या लॉटसाठी, आणि तेवढे पैसे आले.

तीन लगांचं मात्र त्यानं सोडलेलं नाही. काल रात्री पुन्हा स्टूलचं उदाहरण देत होता. टॉर्क रेंच अजून आमच्याच खोलीत आहे, वर्कशॉपच्या मामांनी दोनदा विचारलंय.

— टी. ई. मेकॅनिकल, होस्टेल, सांगवी